दुपारचे रकाने

पारडीच्या टाकीचं रजिस्टर माझ्याकडे आलं
तेव्हा पुठ्ठ्यावर चहाचं एक वर्तुळ होतं,
आत मे महिन्याचे एकतीस दिवस
आणि दर तासाला पाण्याच्या दाबाचा एक आकडा,
निळ्या बॉलपेननं, प्रत्येक सात कंबरेत चिरलेला.
फक्त एक ते चार
बहुतेक दिवस कोरे.

मिहानमधल्या आमच्या मजल्यावर एसी अठराला असतो.
बाहेर सेहेचाळीस.
मी शाल पांघरून शहराची तहान मोजते.

कोऱ्या रकान्यांचं काय करायचं
हे मला झोपेतही येतं:
वरचा घ्या, खालचा घ्या, मध्ये रेघ ओढा;
नाहीतर सरासरी भरा,
सरासरी कुणालाच नाही म्हणत नाही.
मी मध्यक भरला. तो जरा शहाणा,
टोकाच्या एखाद्या आरडाओरड्याला भुलत नाही.
मॉडेल चाललं. चूक तीन टक्के.
पिंपळापुरे सर म्हणाले, स्लाइड कर.

पण मला चुका पाहायची खोड आहे.
एकूण चूक नव्हे; एकेक, सुटी,
कुठे पडलीय ते.
चांगल्या मॉडेलच्या चुका
परातीत सांडलेल्या मोहरीसारख्या हव्यात,
कशाही, आकार न धरता.
माझी मोहरी चारच्या ठोक्याला
रोज एकाच कोपऱ्यात जमत होती, रेषेच्या खाली,
सभेत शेवटच्या रांगेत बसलेल्या,
काहीतरी सांगायचं असलेल्या माणसांसारखी.

म्हणून गेले.
तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये आईच्या धाकानं कांदा.
टाकीखाली सावलीचा चतकोर,
त्यात एक खुर्ची, खुर्चीत रेवाराम टेंभरे.

"पाणीच नसते जी त्या टायमाले.
शून्य लिहिलं तं हापिसातून फोन येते,
मीटर बिघडलं काय म्हणून.
मंग दोन पोट्टे येते, मीटर खोलते,
पाना इथंच विसरून जाते.
कोरं ठेवलं तं कोनी काई विचारत नाई."

आणि भिंतीशी टेकवून ठेवलेले
तीन पाने दाखवले.

कोरं म्हणजे शून्य नव्हे:
पहिल्या वर्षी फळ्यावर दोनदा अधोरेखित करून
शिकवलं होतं आम्हाला.
मी ते पुढे दहा-बारा नवशिक्यांना
तशाच दोन रेघा ओढून शिकवलं.

"म्हणजे सगळे कोरे शून्यच?"
"नाई, नाई. मंगळवारी मी घरी जेवाले जातो.
तवा पाणी असन बी. मले काय ठाऊक."

त्या रात्री कूलरच्या घरघरीत
मी मंगळवार बाजूला काढले.
उरलेले रकाने एकदा नाही, पाचशेदा भरले,
दर वेळी थोड्या वेगळ्या शंकेनं:
या दिवशी तो खरंच झोपला असेल तर?
या दिवशी पाणी उशिरा गेलं असेल तर?
अंदाजाच्या दोन्ही बाजूंची पट्टी सुटत गेली,
अंगासरशी ब्लाउजच्या शिवणी
उसवून दिल्यासारखी.
चूक तीनवरून अकरावर.
आता निदान श्वास घेता येत होता.

"मागे गेलीस तू," सर म्हणाले.
"हो सर," मी म्हटलं, "पारडीपर्यंत."
ते हसले नाहीत. स्लाइड मात्र राहिली,
रुंद पट्टीसकट, अकरा नंबरला,
जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी,
जेव्हा कुणी प्रश्न विचारत नाही.

मला मिळालं ते एवढंच:
रजिस्टरला एक नवा रकाना. कारण.

जूनचं रजिस्टर आलं.
पाणी नाही. पाणी नाही. जेवण. पाणी नाही.
ऊन लागलं, बसलो. पाणी नाही.
आणि चौदा तारखेला, दुपारी दोनला,
त्याच निळ्या बॉलपेननं:
पोरीचा निकाल. 77 टक्के.
दोन्ही सात कंबरेत चिरलेले.

दाबाच्या रकान्यात तो आकडा
मी जाऊ दिला नाही.
पुसलाही नाही.